सशाच्या अंगणात कोणते झाड लावावे?



कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याने आत आले, की राजमाचीच्या पायथ्याशी आमचे कोंडाणे लागते. गावाच्या वरच्या अंगाला रानात जुनी लेणी आहेत. खाली उल्हास नदी वाहते. पावसाळ्यात लेणी आणि धबधबे पाहायला शहरातली माणसे येतात. अलीकडे या भागात बंगले आणि बागाही पुष्कळ झाल्या आहेत. आमची बरीच पोरे त्या बागांतून माळीकाम करतात.

माझा पुतण्या अशाच एका बागेत कामाला आहे. तेथल्या सशांना पिल्ले झाली. मालकांनी त्यांतली दोन पुतण्याला दिली. एक पांढरे, एक करडे. पुतण्याने ती घरी आणली. माझी नात तर नाचायलाच लागली.

सशांसाठी पडवीच्या मागे जाळीचा पिंजरा केला. पिंजऱ्यापुढची थोडी जागा जाळीने बंद करून त्यांना फिरायला ठेवली. पण तिथे सावली नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, उद्या बंगल्यावरून कण्हेरीच्या चार फांद्या आणतो. छाटणी चालूच आहे. कण्हेर लवकर वाढते, पाणी कमी लागतं, वर फुलंही येतात."

माझ्या पोटात धस्स झाले. मी म्हणालो, "थांब. कण्हेर आणू नकोस. आधी माझी एक गोष्ट ऐक."

ती गोष्ट तुम्हांलाही सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी शाळेवर होतो. शाळेच्या आवारात मुलांनी चार ससे पाळले होते. मुले रोज गवत आणीत, पाणी भरीत, पिंजरा झाडीत. पिंजऱ्याशेजारी कण्हेरीचे कुंपण होते. ते मीच लावून घेतले होते. मला लाल फुलांची हौस!

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी ते कुंपण छाटून घेतले. फांद्या उचलून नेल्या. पण तुटलेली पाने तिथल्याच गवतावर पडून राहिली. रविवारच्या उन्हात ती वाळली. सोमवारी सकाळी मुलांनी रोजच्यासारखे तिथले गवत कापले आणि सशांपुढे टाकले. गवतात कण्हेरीची वाळलेली पाने होती. मुलांनी ती पाहिली नाहीत. मीही पाहिली नाहीत.

दुपारी दोन ससे मान टाकून पडले. संध्याकाळपर्यंत तिसराही गेला. चौथा तेवढा वाचला.

एक लहान मुलगी रडत माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, आम्ही तर रोजचंच गवत घातलं हो!" तिला वाटत होते, चूक तिची झाली. चूक तिची नव्हती, माझी होती. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण फुलाचा रंग पाहून झाड लावले. ते झाड कसले आहे, हे कुणाला विचारले नाही.

त्यानंतर मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. पुस्तके मिळवून वाचली. जाणत्या लोकांबरोबर रानात हिंडलो. त्यातून जे कळले ते येथे लिहितो आहे. ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांना ते उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत किंवा लहान मुले आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल. बागेत माळीकाम करणाऱ्यांनी तर जरूर वाचावे.

पाळीव ससा आणि रानससा

आपण दोघांनाही ससाच म्हणतो. पण ही दोन वेगळी जनावरे आहेत.

आपल्या डोंगरात दिसतो तो रानससा. तो बीळ करीत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्ले जन्मताच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. पाळीव सशाचे मूळ युरोपातल्या स्पेन-पोर्तुगालकडचे. तो जमीन उकरतो, बीळ करतो. त्याची पिल्ले जन्मताना उघडी असतात आणि डोळे मिटलेले असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रानससा पकडणे, मारणे किंवा घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रानात पिल्लू एकटे दिसले तरी उचलून आणू नये. आई चरायला गेलेली असते. ती येऊन त्याला पाजते.

या लेखात जो ससा आहे तो पाळीव ससा.

सशाचे पोट कसे असते?

झाड निवडायचे तर आधी सशाचे पोट समजून घेतले पाहिजे.

माणसाने वाईट काही खाल्ले तर तो ओकतो. कुत्रे-मांजरही ओकते. सशाला ओकता येत नाही. जे एकदा पोटात गेले ते गेले. म्हणून सशाच्या तोंडाशी काय येते, याला फार महत्त्व आहे.

आता शेळीचे पाहू. शेळी रवंथ करते. तिने खाल्लेला पाला आधी एका मोठ्या कोठ्यात जातो. त्या कोठ्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते पाला कुजवतात. काही झाडांचे विषसुद्धा ते तिथेच मोडून टाकतात. सशाचे तसे नाही. ससा रवंथ करीत नाही. त्याच्याही आतड्यात असे जीव असलेली एक पिशवी आहे, पण ती पुढे, शेवटाकडे आहे. पाला तिथे पोहोचेपर्यंत त्यातले विष अंगात भिनायला लागलेले असते.

म्हणून "शेळी खाते ना? मग सशाला घाला" असे म्हणू नये.

सशाचे दातही निराळे. ते जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून ससा सतत काहीतरी कुरतडतो. गवत, पाला, साल, काटकी, काहीही. म्हणजे सशाच्या अंगणातल्या झाडाचे नुसते पान पाहून भागत नाही. त्याची साल, मूळ, फूल, फळ, बी, खाली पडलेला पाचोळा, या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

"मुक्या जिवाला सगळं कळतं"

हे सगळे मी पुतण्याला सांगत होतो. शेजारचे आबा ऐकत बसले होते. ते हसून म्हणाले, "गुरुजी, रानात काय थोडी विषारी झाडं आहेत? रानातला ससा कधी पाला खाऊन मेलेला बघितलात का? मुक्या जिवाला सगळं कळतं."

आबांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कण्हेरीचे पान कडू असते. मोकळे जनावर तिला सहसा तोंड लावीत नाही. मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर लावतात, ती एवढ्याचसाठी. तिला पाणी थोडे पुरते आणि गुरे तिच्याकडे फिरकत नाहीत.

पण मी आबांना विचारले, "आबा, रानातल्या सशापुढं सगळं रान आहे. हे नको तर ते खाईल. पिंजऱ्यातल्या सशापुढं काय आहे?"

आबा म्हणाले, "आपण टाकू ते."

"आणि भूक लागली, आणि आपण टाकलेल्या गवतात चार वाईट पानं असली तर?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "खरं आहे. बांधलेल्या म्हशीचंही असंच होतं. दावणीत टाकू ते ती खाते."

सांगायचे ते हेच. मोकळे जनावर आपला चारा आपण निवडते. कोंडलेल्या जनावराचा चारा आपण निवडतो. म्हणून निवडीची जबाबदारीही आपल्यावर येते.

ही झाडे नकोत

पुढची झाडे सशाच्या अंगणात, पिंजऱ्याजवळ किंवा पिंजऱ्यावर पाला पडेल अशा जागी लावू नयेत.

१. कण्हेर. लाल, गुलाबी, पांढरी, सगळ्याच विषारी. पान, फूल, साल, मूळ, सर्व भागांत विष असते. ते हृदयावर काम करते. पान वाळले तरी विष जात नाही. गाय, बैल, शेळी, माणूस, कुणालाही ते मारू शकते. छाटलेल्या फांद्या पेटवू नयेत, कारण धूरही बाधतो. खड्डा करून पुराव्यात.

२. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. हिच्या फळातली बी फार विषारी असते. मुले या बियांनी खेळतात. खेळू देऊ नये.

३. मोगली एरंड. काही ठिकाणी याला चंद्रज्योत म्हणतात. गुरे खात नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन शाळेतल्या मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो.

४. साधा एरंड. याचे तेल औषधी आहे, पण बी विषारी आहे. तेल काढून राहिलेली पेंडही विषारी असते.

५. शेर आणि निवडुंगासारखी चिकाची कुंपणे. यांच्या चिकाने तोंड सोलते. डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

६. रुई आणि पांढरा चाफा. यांचाही चीक बाधतो. देवाला फूल हवे, तर झाड पुढल्या दारी असू द्यावे.

७. घाणेरी. ही अमेरिका खंडातून आपल्याकडे आली आणि आता रानभर पसरली आहे. फुले रंगीत, दिसायला गोजिरी. पण हिच्या पाल्याने जनावराचे यकृत बिघडते. गुरांना कावीळ होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. सशालाही ही बाधते.

८. सीताफळ. फळ गोड, पण पाला आणि बी चारण्याची नाही. बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा दुखावतो. हे झाड परसात जरूर लावा, पण पिंजऱ्यापासून दूर.

झाडांबरोबर कुंपणावर चढणारे वेल आणि खाली उगवणारी रोपेही पाहावीत. पावसाळ्यात आपल्याकडे कळलावी उगवते. तिची लाल-पिवळी फुले मुलांना आवडतात. तिचा कंद अतिशय विषारी असतो. गुंजेच्या वेलाची लाल-काळी बी आणि धोत्रा, ही दोन्हीही विषारीच. ती दिसली, की मुळासकट काढावीत.

शेळीला चालते, सशाला नाही

आता दोन झाडे अशी, की ती वाईट नाहीत. पण सशासाठी नाहीत.

पहिले सुबाभूळ. मणिभाई देसाई यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला १९६७ साली बायफ ही संस्था काढली. त्या संस्थेने महाराष्ट्रात सुबाभळीचा मोठा प्रसार केला. झाड लवकर वाढते, पाला पौष्टिक, सरपणही मिळते. पण तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. शेळीच्या कोठ्यातले सूक्ष्म जीव ते मोडतात. तरीही शेळीला सगळा चारा सुबाभळीचा देऊ नये. तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच द्यावा. घोडा, डुक्कर, ससा यांना मात्र ते मोडता येत नाही. सुबाभूळ खाऊन सशाचे केस गळतात, वाढ खुंटते.

दुसरे गिरीपुष्प. याला आपल्याकडे उंदीरमारी असेही म्हणतात. शेताच्या बांधावर हे लावावे. चारसूत्री भातलागवडीत याचा पाला शेतात गाडतात. जमिनीला ते उत्तम खत आहे. पण नावातच त्याचा दुसरा गुण आहे. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. तिथले लोक याची साल आणि बी धान्यात कालवून उंदरांना घालीत. जे साल कुरतडते, त्या जनावराजवळ हे झाड कशाला लावायचे? बांधावरच असू द्यावे.

ही झाडे लावावीत

नकोत ती झाडे पुष्कळ झाली. आता हवीत ती.

तुती. सशासाठी मी पहिला नंबर तुतीला देतो. पान मऊ आणि पौष्टिक. याच पानावर रेशमाचे किडे वाढतात. फांदी लावली तरी जगते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली काडी पावसाच्या सुरुवातीला लावावी. छाटली की पुन्हा फुटते. कोवळी काटकी सशाने कुरतडली तरी भीती नाही. फळे मुलांना खायला मिळतात.

शेवगा. पाला सशाला चालतो, शेंगा आपल्याला. पण मूळ आणि मुळाची साल सशाला मिळू देऊ नये. ती बाधते. शेवग्याची फांदी ठिसूळ, वाऱ्याने मोडते. म्हणून तो पिंजऱ्याच्या डोक्यावर लावू नये. दहा-बारा हात दूर लावावा आणि पाला तोडून आणून घालावा.

हादगा. भराभर वाढतो. सावली विरळ देतो. फुलांची आपण भाजी करतो. पाला सशाला थोडा थोडा चालतो.

जास्वंद. हे झुडूप पिंजऱ्याच्या कडेला छान. पान आणि फूल दोन्ही ससा आवडीने खातो.

केळ. लवकर वाढते. पान रुंद, सावली गार. मोरीच्या पाण्यावरही होते. पानाचा तुकडा सशाला चालतो.

बांबू. वारा अडवतो. जून पान सशाला चालते. मात्र कच्चा कोंब घालू नये. त्यात विषारी अंश असतो. आपणही वास्ते उकडून, पाणी टाकून मगच खातो.

पेरू. झाड बेताचे. दोन-चार पाने आणि काटकी चघळायला चालते.

आंबा, जांभूळ, कडुनिंब. ही सावलीची झाडे. आधीपासून परसात असतील तर त्यांच्या सावलीत पिंजरा ठेवावा. पण त्यांचा पाला पोटभर चारण्याचा नव्हे. पडलेली जांभळे आणि आंबे उचलून टाकावेत. गोड फळ जास्त खाल्ले, की सशाचे पोट बिघडते. शिवाय माशा आणि मुंग्या येतात.

येथे कोणी विचारील, "गुरुजी, एवढी नावं कशी लक्षात ठेवायची? पान तोडून पांढरा चीक आला तर विषारी, असं एकच सांगा ना!" तसे सांगता आले असते तर बरे झाले असते. पण तुतीच्या पानालाही थोडा पांढरा चीक येतो आणि ती चांगली. मोगली एरंडाची बी गोड लागते आणि ती विषारी. चीक, चव, वास, रंग यांवरून नक्की कळत नाही. झाड नावानेच ओळखावे लागते. नाव कळले नाही तर लावू नये. ओळख नसलेला पाला घालू नये.

कुठे आणि कसे लावावे?

सशाला ऊन सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा ३५ अंशांच्या वर गेला की तो धापा टाकू लागतो. कर्जतकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास जातो. म्हणून सावली ही सशाची गरज आहे.

दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. तेव्हा मोठे झाड पिंजऱ्याच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला लावावे. पूर्वेचे कोवळे ऊन अडवू नये. पावसाळ्यात ओल फार. म्हणून झाडी इतकी दाट करू नये, की वारा कोंडेल आणि पिंजरा वाळणार नाही. ओल्या पिंजऱ्यात सशाला खरूज होते, पोट बिघडते. पिंजरा जमिनीपासून दोन-तीन हात उंच ठेवावा.

नवे रोप सावली द्यायला एक-दोन वर्षे घेते. तोवर पिंजऱ्यावर पेंढ्याचे छप्पर करावे आणि दुपारी ओले गोणपाट सोडावे.

सशापासून झाडालाही जपावे लागते. ससा खोडाची साल गोल कुरतडतो. साल सगळीकडून गेली, की झाड मरते. म्हणून रोपाभोवती दोन हात उंचीची बारीक जाळी लावावी. जाळी खाली वीतभर पुरावी, नाही तर ससा उकरून आत जातो.

ससे मोकळे सुटले तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. १८५९ साली तिथे एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेने इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे सोडले. पुढे त्यांचे कोट्यवधी झाले. त्यांनी कुरणे उजाड केली, कोवळी झाडे साल खाऊन मारली. पुढे सरकारला शेकडो मैल कुंपण घालावे लागले. म्हणून कंटाळा आला तरी पाळीव ससे रानात सोडू नयेत. ते रानाच्या हिताचे नाही, आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जाणाऱ्या सशाच्याही हिताचे नाही.

पाला कसा घालावा?

चांगल्या झाडाचा पालाही भलत्या रीतीने घातला तर बाधतो. या गोष्टी पाळाव्यात.

सशाचे मुख्य अन्न गवत. गवत त्याच्यापुढे दिवसरात्र असावे. पाला तोंडीलावण्यासारखा द्यावा.

नवा पाला पहिल्या दिवशी एक-दोन पाने द्यावा. ससा ठीक असला, लेंड्या नीट पडल्या, तर हळूहळू वाढवावा.

पाल्याचा ढीग करून ठेवू नये. तो तापतो, आंबतो. बुरशी आलेला पाला किंवा पेंढा घालू नये.

औषध फवारलेल्या बागेतला पाला कधीच आणू नये. बागकाम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. छाटणीचा कचरा म्हणजे चारा नव्हे. त्यात कशाकशाची पाने असतात कोण जाणे!

गवत टाकण्याआधी हाताने पसरून पाहावे. माझे तीन ससे एवढे न केल्याने गेले.

ससा आजारी दिसला तर

ससा खायचा थांबला, लेंड्या पडेनाशा झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, मान टाकली, अंग कापू लागले, पाय ओढू लागला, तर विषबाधेची शंका घ्यावी. सशाचे दुखणे थांबत नाही. एक दिवस पोट रिकामे राहिले तरी त्याच्या जिवावर बेतते. "उद्या बघू" म्हणू नये.

उरलेला चारा ताबडतोब काढावा. सशाला सावलीत, शांत जागी ठेवावे. मिठाचे पाणी, तेल, ताक असे काही घशात ओतू नये. त्याला ओकता येत नाही. उलट ते श्वासात जाऊन तो गुदमरतो. शंका असलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर घ्यावी आणि जनावरांच्या दवाखान्यात जावे. पान पाहिले, की डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते. सरकारने फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यांसाठी १९६२ हा फोन क्रमांक ठेवला आहे. त्यावरही विचारावे.

मुलाने विषारी बी किंवा पान खाल्ले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. बी-पान बरोबर घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठावा.

आमच्या परसात

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो.

कण्हेर आणली नाही. पश्चिमेला तुतीच्या सहा काड्या लावल्या. कडेला जास्वंद, मोरीच्या पाण्यावर केळ, आणि लांब कोपऱ्यात शेवगा. कुंपणातला मोगली एरंड काढला आणि त्या जागी बांबू लावला.

जास्वंदीचे रोप आणायला पुतण्या नर्सरीत गेला. बरोबर त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, होत्या. वहिनी साठीच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकल्या. नर्सरीत एका पिशवीवर चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते, 'नेरियम'. फूल गुलाबी, सुरेख. पुतण्याने ते हातात घेतले. वहिनींनी चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचली आणि माळ्याला विचारले, "भाऊ, ह्याला आपल्या भाषेत काय म्हणायचं?"

माळी म्हणाला, "कण्हेरच ती, आजी."

वहिनींनी पिशवी परत ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी पत्र्याचे तुकडे कापून घेतले. त्यांवर रंगाने नावे लिहिली. तुती. जास्वंद. केळ. शेवगा. प्रत्येक झाडाला एकेक पाटी बांधली. शेवग्याच्या पाटीवर खाली लिहिले, 'पाला चालेल. मूळ नको.' परसाच्या बाहेर, वाटेवर, शेजाऱ्यांची जुनी कण्हेर आहे. त्यांना विचारून तिलाही एक पाटी बांधली. 'कण्हेर. विषारी. जनावरांना घालू नये.'

पाटीवरचा 'घ' थोडा वाकडा आला आहे. पण वाटेने जाणारी मुले ती पाटी मोठ्याने वाचतात. परवा आबा तिथे थांबले. त्यांनीही अक्षरे जुळवून ती वाचली. मग हातातला गवताचा भारा खाली ठेवला, सोडला, आणि पसरून पाहू लागले.

तुम्हीही आपल्या परसातल्या झाडांची नावे लिहून काढा. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचे जाणत्याला विचारा. विषारी असेल त्याला पाटी बांधा.